मूठभर रंग

आपल्या लोकांत चाकूची ख्याती काही बरी नाही. चाकू म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो हिंदी सिनेमातला रामपुरी, आणि त्याच्या पाठोपाठ खलनायकाचं हास्य. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसल्यावर (पंगत कसली, पेपर प्लेट घेऊन उभं राहिल्यावर!) कुणी विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करता हो तुम्ही?" आणि मी "जुने खिशातले चाकू जमवते" असं उत्तर दिलं, की समोरच्या बाईंचा श्रीखंडाचा चमचा हवेतच थांबतो. साड्या जमवणाऱ्या, गणपतीच्या मूर्ती जमवणाऱ्या, झालंच तर ग्रोसरीची कूपनं जमवणाऱ्या मैत्रिणी मला पुष्कळ आहेत. चाकूवाली मी एकटीच. "घरात भांडणं नाही का होत?" असं एकीने अगदी काळजीने विचारलं होतं. होतात की! पण ती चाकूंमुळे नव्हे, चाकूंवर जाणाऱ्या पैशांमुळे.

तर आधी खुलासा. माझे चाकू म्हणजे शस्त्रं नव्हेत. मिटल्यावर तीन-चार इंचांचे, दोन-तीन पात्यांचे, इथल्या शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या, गिरणीकामगारांच्या पँटच्या खिशात आयुष्यं काढलेले हे चाकू. सफरचंद कापायचं, दोरी तोडायची, पेन्सिलीला टोक काढायचं, एवढंच त्यांचं काम. आणि मुठी मात्र अशा रंगांच्या, की लहानपणीच्या जत्रेतली बांगड्यांची राशच आठवावी.

खरं तर आपल्याकडेही चाकूला घरात मान होताच. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू नाहीतर अडकित्ता ठेवतात, नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडून पूजा करतात. माझ्या आजोबांच्या दौतीशेजारी बोरू तासायचा एक बोटभर चाकू असे. त्याला हात लावायची आम्हां नातवंडांना बंदी होती. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना वेगळं सांगायला नको, की धारेच्या वस्तूवरही माणसं किती जीव लावतात. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात चाकू ठेवून "हा आता तुझा" म्हणायचं, ही रीत मात्र मी इथे पाहिली.

आम्ही पिट्सबर्गच्या उत्तरेला एका लहान गावात राहतो. शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहत. सगळ्या गल्लीतली मुलं त्यांना पॉप म्हणत, म्हणून आम्हीही. १९८८ साली आमचा मुलगा दहा वर्षांचा झाला. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पॉपनी ह्यांना अंगणात गाठून रीतसर परवानगी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात खिशातून एक चाकू काढला. लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची मूठ, थेट ख्रिसमसच्या पेपरमिंटच्या कांडीसारखी. त्यांना तो त्यांच्या वडिलांनी दिलेला, तेही दहाव्या वर्षीच.

नेमकी त्या वेळी माझी आई देशातून आलेली होती. पॉपनी चाकू पुढे केला मात्र, आई सोफ्यावरून ओरडली, "हातात नको! हातात नको! खाली ठेवा आधी!" मराठीतच. पॉपना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी चाकू टीपॉयवर ठेवला. मग त्यांची अडचण पुढे आली. चाकू फुकट घेतला तर मैत्री तुटते, म्हणून घेणाऱ्याने एक पेनी द्यायची, असा इकडचा समज. मुलाच्या खिशात पेनी नाही. मी पर्स शोधतेय तोवर आईने कनवटीचा बटवा सोडला आणि एक पावली काढून पॉपच्या तळहातावर ठेवली. पंचवीस पैसे. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण शास्त्र दोघांचं पूर्ण झालं.

नंतर उन्हाळाभर पॉप मुलाला मागच्या पायरीवर बसवून शिकवत. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं, मिटल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही, दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून धार कशी लावायची. आई खिडकीत बसून जपमाळ ओढत पहारा देई. बोट एकदाच कापलं, तेही आईचं, विळीवर.

पॉप १९९६ साली गेले. त्यांची मुलगी दूर राहणारी. तिने घरातल्या सामानाचा सेल लावला. मी सहज डोकावले, तर टेबलावर सिगारचा एक लाकडी खोका, आत सदतीस चाकू, आणि तळाशी एका कापडात गुंडाळलेली आईची पावली. मी किंमत विचारली, घासाघीस केली नाही, आणि खोका घरी आणला. हे म्हणाले, "आता हे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. पण सुरुवात झाली ती तिथून.

पुढची दोन-तीन वर्षं मी विद्यार्थिनीच होते. चाकू वाचता येतो, हे मला माहीतच नव्हतं! पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरं असतात, तिथे भिंग लावायचं. ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचे आकडे तर कुंडलीसारखे आहेत. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळी मूठ. दुसरा आकडा पात्यांचा. उरलेले घाटाचे. म्हणजे ६२५४ म्हटलं की हाडाची मूठ, दोन पाती, आणि घाट 'ट्रॅपर'. शिवाय १९७० साली त्यांनी दहा ठिपके ठोकायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. चार ठिपके दिसले की १९७६. आम्ही या देशात उतरलो ते साल. तो चाकू मी मुद्दाम शोधून घेतला. आणि १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, त्यामुळे नुसतं 'जर्मनी' लिहिलेलं असलं तरी वय हाताशी येतं.

ब्रॅडफर्ड आमच्यापासून अडीच-तीन तासांवर. केस कंपनी १९०५ पासून त्या गावात. १९९३ साली ती झिपो लायटरवाल्यांनी घेतली. त्या सगळ्या टापूत, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कच्या सीमेवर, एके काळी गावोगाव चाकूचे कारखाने होते. कारागीर आलेले इंग्लंडमधल्या शेफील्डहून आणि जर्मनीतल्या झोलिंगेनहून. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सची इम्पीरियल कंपनी तर फ्रोसोलोने नावाच्या इटालियन गावातून आलेल्या मिरांडो बंधूंनी १९१६ साली काढली. गावाकडची विद्या गाठोड्यात बांधून आणलेली माणसं ही! आमच्या गाठोड्यात इंजिनियरिंगची डिग्री होती, एवढाच फरक. आता त्यातले बरेच कारखाने बंद पडले. इम्पीरियल-श्रेड २००४ साली गेली, टायटसव्हिलची क्वीन २०१८ साली.

पण मला वेड लावलं ते मुठींनी. हाडाच्या मुठी आहेत, हिरव्या, तांबूस, मधाच्या रंगाच्या. हाडावर खाचा पाडून रंगात मुरवलेल्या. (त्या बहुधा गाईगुरांच्या नळीच्या हाडाच्या, हे सासूबाईंना कधी कळलं नाही. कळू दिलं नाही.) सांबरशिंगाच्या मुठींचं शिंग भारतातून येई, रानात गळून पडलेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या सरकारने ती निर्यात थांबवली, तेव्हापासून इकडे जुन्या सांबरशिंगाच्या किमती चढल्या. आपल्याकडच्या जंगलातलं शिंग पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याच्या खिशात झिजून गुळगुळीत झालेलं पाहिलं, की मला का कोण जाणे, भरून येतं.

आणि सगळ्यांत रंगेल म्हणजे सेल्युलॉइडच्या मुठी. त्यांची नावंच ऐका. 'ख्रिसमस ट्री', 'वॉटरफॉल', 'क्रॅक्ड आइस', 'बटर अँड मोलॅसिस'. हे शेवटचं म्हणजे चक्क लोणी आणि काकवी, आणि दिसतंही तस्संच! सेल्युलॉइड जॉन वेस्ली हायट याने हस्तिदंताला पर्याय म्हणून काढलं, १८७० साली पेटंट घेतलं. नायट्रिक आम्लात मुरवलेला कापूस आणि त्यात कापूर. होय, आपला आरतीचा कापूर. त्या काळी मुख्यतः फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानहून येणारा. जुनी मूठ अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी न्या, देवघराचा वास येतो. मी हा प्रयोग पाहुण्यांवर करते. डोळे मिटायला सांगते आणि चाकू नाकाशी धरते. (आता पाहुणे जरा कमी येतात.)

पण याच कापसा-कापराच्या लग्नात खोट आहे. सेल्युलॉइड म्हातारं झालं की कापूर उडून जातो आणि आतलं आम्ल वाफ होऊन बाहेर पडू लागतं. मूठ घामेजते, तिला बारीक तडे जातात, पितळेवर हिरवा थर चढतो, पात्याला गंज लागतो. आणि बंद पेटीत ठेवलं तर त्या एका चाकूची वाफ शेजारच्या चांगल्या चाकूंनाही खाते. औषध नाही. मोकळ्या, थंड, कोरड्या हवेत ठेवावं, इतरांपासून वेगळं, आणि निरांजनापासून तर फारच दूर, कारण जुन्या सिनेमाच्या फिल्मसारखं ते भडकन पेटतं. म्हणून खंडेनवमीला माझे हाडाचे आणि शिंगाचे चाकू पाटावर असतात, सेल्युलॉइडवाल्यांना मात्र दुसऱ्या खोलीत नेऊन लांबूनच हळदकुंकू.

२०२२ च्या दिवाळीत फराळाचं करून झाल्यावर मी कपाट आवरायला काढलं, आणि दिसलं की पॉपचा लाल-पांढरा चाकू घामेजला आहे. मुलाने तो सिअ‍ॅटलला नेलाच नव्हता. "आई, इथेच राहू दे" म्हणाला होता. चाकू रेमिंग्टनचा, ब्रिजपोर्टला तयार झालेला. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी आटली, तेव्हा त्या कंपनीने १९२० साली चाकू करायला घेतले आणि १९४० मध्ये सोडले. म्हणजे मूठ ऐंशीच्या पुढची. आता दोनच वाटा. मूठ तशीच ठेवली तर पातं वर्षा-दोन वर्षांत जाणार. मूठ काढली तर पातं राहील, पण पॉपच्या वडिलांच्या हातची ती पेपरमिंटची कांडी जाणार, आणि जमवणाऱ्यांच्या लेखी चाकूची किंमतही जाणार. ह्यांचं मत, फोटो काढ आणि टाकून दे. मी तीन आठवडे तो गॅरेजच्या खिडकीत ठेवून रोज बघत होते. शेवटी मुलाला फोन केला.

"आई, पॉपने मला पायरीवर काय शिकवलं? पातं," तो म्हणाला. "मी येतो."

ख्रिसमसला सगळे आले. बापलेकांनी गॅरेजमध्ये बसून रिव्हेटांची डोकी कानशीने घासली, खिळे ठोकून बाहेर काढले. मुठीच्या फाकी हातात आल्या त्या ओल्या बिस्किटासारख्या तुटत. पातं मात्र घासल्यावर शाबूत निघालं, 'रेमिंग्टन' वाचता येण्याइतकं. नवी मूठ कसली लावायची, हे नातवावर सोडलं. त्याने नारिंगी निवडली. भडक, ट्रॅफिकच्या कोनासारखी! माझा जीव गेला, पण बोलले नाही.

आता नातू दहा वर्षांचा झाला, आणि घरात खरा वाद झाला तो तेव्हा. आमची सूनबाई शाळेत शिक्षिका आहे. १९९४ च्या शाळांतल्या बंदुकांविरुद्धच्या कायद्यानंतर बऱ्याच शाळांनी नियम इतके कडक केले, की दप्तरात विसरून राहिलेल्या इंचभर पात्यापायीही मुलाला घरी बसवतात. शिवाय वर्गातल्या मुलांना कोपऱ्यात लपवून दिवे मालवायची कवायत तिला स्वतःला घ्यावी लागते. "आई, तुम्हांला पॉप दिसतो, मला ती कवायत दिसते," ती म्हणाली, तेव्हा मी गप्प झाले. तिचं चुकीचं नाही. स्काउटमध्ये 'टोटिन चिप' नावाचं एक कार्ड मिळतं, चाकू नीट वापरायला शिकल्यावर. नियम मोडला की कार्डाचा कोपरा कापतात. आमचा समेट त्या धर्तीवर झाला. चाकू माझ्या घरी राहणार, नातवाच्या नावाने. तो इथे आला की पायरीवर, मी शेजारी असताना. दप्तरात, गाडीत, विमानतळावर कधीही नाही. (११ सप्टेंबर २००१ च्या आधी चार इंचांखालचं पातं विमानात चालायचं, हे नातवाला खरंच वाटत नाही. २०१३ साली लहान चाकूंना पुन्हा मुभा द्यायचं ठरलं होतं, पण तीन महिन्यांतच ते बारगळलं.)

मी चाकू टीपॉयवर ठेवला, हातात दिला नाही. नातवाने तो उघडला. जमवणारे याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात; पातं अडखळल्याशिवाय उघडलं तर चाकू चालतो, मिटताना टक् वाजलं तर बोलतो. शंभरीला आलेला तो चाकू अजून बोलतो. सून दारात उभी राहून बघत होती. मग तीच म्हणाली, "त्याने तुम्हांला काहीतरी द्यायचं असतं ना?"

तर आता वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातल्या गराज सेलला, जुन्या सामानाच्या दुकानांत असे चाकू नजरेला पडतील. घेऊन ठेवलेत तर सेल्युलॉइडचे वेगळे ठेवा, बंद डब्यात नको, चामड्याच्या पिशवीत तर मुळीच नको. आणि 'लोणी-काकवी'चा एखादा दिसला तर मला कळवा, मी अजून शोधते आहे. मोबदल्याची चिंता नको. पावली भारतात २०११ सालीच चलनातून गेली, आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने २०२५ च्या नोव्हेंबरात चलनातली शेवटची पेनी पाडली. पण लोणच्याच्या एका बरणीत मी पुरेशा पेन्या घालून ठेवल्या आहेत.