जालन्याच्या माळावर पायगाडीने

"डोंगरात चालवावयाची सायकल घेऊन तुम्ही जालन्यास कशाला जाता?" असा प्रश्न निघण्यापूर्वी आम्हांस निदान दहा जणांनी केला. प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. जालना म्हटले की मोसंबी, बियाणे आणि लोखंडी सळया एवढ्याच वस्तू लोकांस आठवतात. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण ज्यांस ठाऊक आहे त्यांसही तेथील डोंगरांविषयी फारसे सांगता येत नाही. नकाशा उघडावा तर जिल्ह्याच्या उत्तर अंगास अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरलेले, दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी, आणि मध्ये सारा माळ, टेकाडे व ओढे. परंतु ज्या यंत्राविषयी आम्ही लिहीत आहोत ते कडे चढण्यासाठी नसून वाट वाईट असेल तेथे चालण्यासाठी आहे. आणि वाईट वाटांच्या बाबतीत हा जिल्हा कोणास हार जाणारा नाही.

हे यंत्र तसे अलीकडचेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील काही उनाड तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरमाथ्यावर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली पिटाळीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशी पहिली शर्यत लाविली. उतार इतका तीव्र की ब्रेकमधील वंगण जळून धूर होई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले. उनाडपणास एवढी प्रतिष्ठा वीस वर्षांत क्वचितच लाभते.

आम्ही तिघे होतो: प्रस्तुत लेखक, पुतण्या व त्याचा एक मित्र. सायकली त्या दोघांनी निवडलेल्या. घरोघरी असणाऱ्या जुन्या काळ्या सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दात असतात. पायटा एकदा पूर्ण फिरला की ती पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. आमच्या सायकलीस पुढे ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रास ४६ दात. त्या चक्रावर साखळी असली की एका फेऱ्यात चाक जेमतेम एक मीटर साठ सेंटीमीटर सरकते. यात मान काहीच नाही; बाजूने जाणारी शेळीसुद्धा आपल्यास मागे टाकते. पण पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांस मानापेक्षा चढ निभावणे अधिक प्रिय असते.

टायर सव्वादोन इंच रुंद. त्यांत हवा बेताचीच भरावयाची, म्हणजे ते दगडावर आपटून उसळत नाहीत, त्यास बिलगून जातात. या मुलखात खरा शत्रू दगड नव्हेच. तो म्हणजे सराटा. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा धुळीत दबा धरून असतो आणि एका फर्लांगात पाच-सात भोके पाडतो. यास उपाय म्हणून टायरात ट्यूब न घालता रबराच्या चिकाचे पातळ द्रव्य घालतात. काटा रुतला की चीक भोकाशी धावतो व तेथेच गोठतो. पहिल्या दिवशी आम्ही पुढच्या चाकातील काटे मोजावयास लागलो आणि तेविसावर कंटाळलो. हवा मात्र कायम होती.

आता सायकली नेण्याविषयी. आगगाडीने सायकल न्यावयाची तर ती सामान म्हणून नोंदवून ब्रेकच्या डब्यात द्यावी लागते, आणि तेथे तिच्यावर काय चढवले जाईल हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. एका प्रवासात एका स्थानकावर आमची सायकल गिअरच्या अंगावर आडवी पडली व वर पोती आली. मागील गिअर ज्या लहानशा कानास लटकतो तो कान वाकला, आणि पुढचे दोन दिवस साखळी आपल्या मर्जीने वागली. तेव्हापासून आम्ही तो कान जादा जवळ बाळगतो, गिअरभोवती जुन्या सतरंजीचा तुकडा बांधतो, आणि नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या दोन लावतो, एक सांगाड्यास व एक आत. चाके काढून पिशवीत घातली असतील तर ब्रेकच्या दोन गाद्यांमध्ये पुठ्ठ्याची घडी सारून ठेवावी. तसे न केल्यास चुकून ब्रेकची मूठ दाबली जाते, गाद्या परस्परांस चिकटतात, आणि फलाटावर चाक बसवावयास गेले की बसत नाही. ही विद्या आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

जालन्यात आमच्या आत्याचा जुना वाडा आहे. उतरण्याची सोय तेथेच. सायकली ओसरीत टेकवल्या तोच आत्या बाहेर आली. तिने चिखलाळलेल्या चाकांकडे व मग आमच्याकडे पाहिले. "अरे, देवघराच्या दारात हे घोडे नकोत. गोठा रिकामा आहे, तिथे बांधा." गोठा रिकामा होऊन पुष्कळ वर्षे झाली, दावणीच्या कड्या मात्र भिंतीत तशाच होत्या. त्या कड्यांस आम्ही सायकली साखळीने बांधल्या, आणि सांगावयास संतोष वाटतो की याहून उत्तम जागा मिळाली नसती. ऊन लागत नाही, म्हणून रबर तडकत नाही, जमीन कोरडी, आणि धान्याची कोठी दूर असल्याने उंदरांचा वावर कमी. काळ्या मातीने माखलेली सायकल आल्याबरोबर धुऊ नये हेही आत्यानेच सांगितले. भांड्यास लागलेली कणीक आणि चाकास लागलेली माती, दोन्ही वाळल्यावर सोलून निघतात. जोराच्या पाण्याने ती उलट छर्‍यांच्या घरात शिरते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेस निघालो. कार्तिक लागला होता, आणि परतीचा पाऊस जाऊन आठवडाही झाला नव्हता. राजूरपर्यंत डांबरी रस्ता. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. राजूरचा गणपती उंचवट्यावर आहे व चतुर्थीस तेथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो त्या दिवशी पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या व एक कुत्रे एवढेच होते. राजुराच्या पुढे आम्ही डांबर सोडले. मुरुमाची वाट लागली की ही सायकल आनंदाने बोलू लागते. काळी माती लागली की गप्प होते. मुरूम म्हणजे आपला काळा पाषाणच झिजून झालेला. पाणी त्यातून निथळते व चाक वर राहते. काळी माती पाणी पिऊन फुगते. दहा-वीस फेऱ्यांत चाक आणि सांगाडा यांमधील फट मातीने बुजते व मग पंधरा किलोची सायकल पंचवीस किलोची होऊन खांद्यावर बसते. त्या एका दिवसात आम्ही सायकलीवर किती बसलो व सायकल आमच्यावर किती बसली याचा हिशेब न केलेला बरा.

केळणा नदीकाठी असईचे रणक्षेत्र आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. लढाईची कथा वाचकांस इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असेल. आम्हांस तीतील एकाच गोष्टीचे कौतुक वाटते. वेलस्लीस नदी उतरावयाची होती आणि वाटाडे शपथेवर सांगत की जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तो दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली: पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळची दोन गावे परस्परांकडे जाण्यायेण्याची वाट ठेवल्याविना राहणार नाहीत, असे अनुमान करून त्याने सैन्य तिकडे वळविले, आणि उतार खरोखरच सापडला. लढाईचा निकाल त्या उतारावर बराच अवलंबून होता. पुढील आयुष्यात वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती असईस रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी मानी. आपले लोक त्या दिवशी हरले याचे शल्य आहेच. पण वाटा कशा शोधाव्या याचा याहून चांगला धडा आम्हांस कोठे मिळाला नाही. मोबाइलमधील नकाशा जेथे कोरा असतो तेथे आम्ही तेच करतो: दोन वस्त्या पाहावयाच्या आणि त्यांच्यामधली वाट गृहीत धरावयाची. जवळच्या भोकरदनास, म्हणजे प्राचीन भोगवर्धनास, १९७३ च्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतील पाँपेईच्या राखेत सापडलेली आहे. तेव्हा या माळावरील वाटा कोठपर्यंत जात असत याची कल्पना करावी.

असे वाटा शोधीत जात असतानाच आमच्या हातून एक अपराध घडला. भोकरदनच्या उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. उतारावर एकाखाली एक असे शेतांचे बांध होते. सायकलस्वारास बांधासारखी मोहक वाट नाही. अरुंद, वळणावळणाची, दोन्हीकडे पीक. आम्ही तिघेही एकामागोमाग एक त्यावरून गेलो. शेवटी एक वृद्ध शेतकरी उभे होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे झाले असते. त्यांनी आम्हांस मागे नेले आणि चाकांनी ओल्या मातीत पाडलेली चर दाखविली. "बांध कोवळा हाय, साहेब. ही रेघ पडली ना, आता पाऊस आला की हितूनच फुटंल." बांध पाणी अडविण्यासाठी, आम्ही त्यास पन्हळ करून दिली होती. जेथे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तोही हुलकावण्या देत, तेथे बांधातून गेलेले पाणी म्हणजे काय हे आम्हांस तिथे उभे राहून समजले. फावडे त्यांच्याकडून घेतले. दुपारपर्यंत आम्ही तो बांध भरून, चोपून, वर गवताची ढेकळे बसविली. मग त्यांनीच भाकरी दिली.

भाकरीवर बोलणे निघाले ते वाटेचे. वरच्या वस्तीवरून मुले गावच्या शाळेत येतात. त्यांची वाट गायरानातून सरळ नाकासमोर उतरे, आणि पावसाळ्यात तिचाच ओढा होई. पुतण्यास वाटा बांधण्याचे शास्त्र पाठ होते. वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. वाट बाहेरच्या अंगास शंभरास पाच इतकी कललेली असावी. आणि मध्येमध्ये तिला बुडी देऊन पुन्हा वर घ्यावी, म्हणजे पाणी वाटेने न धावता आडवे निघून जाते. तो कोनमापक लावून हे समजावीत असता आजोबांनी हातातील तांब्या जमिनीवर ओतला, पाणी कोठे जाते ते पाहिले, आणि तेथे दगड ठेवला. दहा तांब्यांत सारी आखणी झाली. कोनमापकाने पुढे ती तपासली. दोन ठिकाणीच फरक निघाला, आणि त्यांपैकी एका ठिकाणी चूक कोनमापक धरणाऱ्याची होती.

सरपंचांनी गायरानापुरती संमती दिली. गावातील सात-आठ तरुण टिकाव, पहारी व घमेली घेऊन आले. तीन दिवसांत सुमारे दोनशे पावले वाट झाली. खालची तीस पावले मात्र राहिली. तेथे जुनी पाणंद दोन शेतांमधून जात असे. गावनकाशावर ती तुटक दुहेरी रेघेने दाखविलेली आहे, म्हणजे गाडीमार्ग. अशा मार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. प्रत्यक्षात तेथे तुरीचे पीक उभे होते. त्या शेताचा धनी आला. तहसीलदारांकडे अर्ज केला तर काय होईल हे त्यास आमच्याहून चांगले ठाऊक होते. तो म्हणाला, "नकाशा खरा हाय. पण वाटण्या होत होत माझ्या वाट्याला दीड एकर आलं, त्यातून वीस फूट कसं सोडू?" यावर आमच्यापैकी कोणास उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. मुलांची गैरसोय खरी आणि त्याचे दीड एकरही खरे. त्याने दोन फुटांची पायवाट चालू द्यावयाचे कबूल केले आणि आम्ही निरोप घेतला.

पुढल्या वर्षी कार्तिकात पुन्हा गेलो. बांध शाबूत होता. आमची ढेकळे कोठे होती हे आजोबांनी दाखविले तेव्हा कळले. गायरानातील वाट दोन ठिकाणी खचली होती, त्यातले एक त्या मघाच्या चुकीचे. एका वळणावर शेळ्यांनी आपला आडमार्ग काढून आमच्या शास्त्रास रजा दिली होती. खालच्या तीस पावलांत काळा चिखल, आणि त्यात लहान चपलांचे ठसे.

आम्ही खचलेला भाग दुरुस्त करीत असता वरून एक मुलगा जुन्या काळ्या सायकलीवरून उतरत आला. मागे दोन्ही अंगांस दुधाच्या किटल्या. तो थांबला, आमच्या चाकाचा टायर बोटाने दाबून पाहिला, आणि पुतण्यास म्हणाला, "दादा, असला टायर माझ्या सायकलला बसंल का?" पुतण्याने माप घेतले. त्याच्या सायकलीच्या चिमट्यात एवढ्या रुंद टायरास जागा नव्हती. तेव्हा त्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढून दोन्ही चाकांत उरलेला चीक ओतला, सराट्यांपुरता तरी उपयोग होईल म्हणून, आणि चीक आत पसरावा यासाठी थोडा वेळ सायकल चालवून बघ, असे सांगितले. पण दुधास उशीर होत होता; तो खालच्या चिखलाशी उतरला, एका हाताने किटल्या सावरीत सायकल ढकलीत पलीकडे गेला, आणि डांबरावर पोचताच चढून दिसेनासा झाला.