उजळाईवाडी ते हांसोल

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीस, अहमदाबादचा हांसोलला. दोहोंमधील हवाई अंतर सुमारे 730 किलोमीटर. पुणे-मुंबईमार्गे रस्त्याने तेच सुमारे 900 भरते. एटीआरसारखे पंख्यांचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. चढणे-उतरणे धरून पावणेदोन तास पुरतात. रोज 20 किलोमीटर पदविहार करणाऱ्या साधु-साध्वींना हीच वाट दीड महिन्याची. मध्ये चातुर्मास आला तर चार महिने मुक्काम वेगळा.

पेढीच्या कामासाठी असे अंतर तासांवर आले, तेव्हा श्रावकाच्या दिग्व्रताचे मोल अधिक जाणवते. ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक् या तिन्ही मर्यादांचे उल्लंघन तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अतिचारांत गणले आहे. ऊर्ध्व मर्यादा म्हणजे एके काळी डोंगरमाथा. विमानात बसणाऱ्याने तीत कित्येक किलोमीटरांची उंचीही धरावयास हवी. दिग्व्रत प्रवासास मनाई करीत नाही; हद्द आधी ठरवावी, एवढेच सांगते. त्या हद्दीतही आज कुठवर जावयाचे, हे देशव्रताने ठरते.

पूर्वी थकलेले पायच माणसाला थांबवीत. विमानात पाय थकत नाहीत. म्हणून थांबण्याची जागा तिकीट काढण्यापूर्वी आपणच नेमावी.