पुसलेली चित्रे, पाडलेले काचघर

वास्तुकलेची जुनी वार्षिके जमवण्याचा छंद मला निवृत्तीनंतर लागला. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात उमर गेली, ती सवय सुटत नाही. बेगम विचारते, "त्या जर्मन पुस्तकांतलं तुम्हाला काही कळतं तरी का?" शब्दकोश घेऊन बसलो की थोडे कळते. नकाशा वाचायला भाषा लागत नाही.

माझा जीव आहे तो ‘डॉयचर वेर्कबुंड’च्या वार्षिकांवर. कलावंत आणि कारखानदार यांना एकत्र आणणारी ही संस्था १९०७ साली म्युनिकमध्ये स्थापन झाली आणि १९१२ पासून तिची वार्षिके निघू लागली. १९१३ च्या खंडात वाल्टर ग्रोपिउस यांचा लेख आहे, सोबत अमेरिका खंडातल्या धान्यकोठारांची छायाचित्रे. पुढे ल कोर्बुझिए यांनी १९२३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात यांतली काही चित्रे घेतली. पण ब्वेनोस आयरेसच्या कोठारावरचे त्रिकोणी माथे त्यांना नको होते, ते पुसून टाकले. जगाने पुसलेले चित्र पाहिले. कोठार खरे कसे होते, याची साक्ष त्या जुन्या खंडात आहे.

१९१५ चा खंड उघडताना मन जड होते. त्यात १९१४ च्या कोलोन प्रदर्शनाची चित्रे आहेत. ब्रुनो टाउट यांनी तिथे काचेचे घर उभारले होते; रंगीत काचेचा घुमट आणि आत पाण्याचा खळाळता झरा. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, प्रदर्शन मुदतीआधीच बंद झाले आणि पुढे ते घरही पाडले गेले. उरली ती छायाचित्रे. नाझी राजवटीमुळे टाउट यांना देश सोडावा लागला. जपानमार्गे ते तुर्कस्तानात गेले, तिथे शिकवले, इमारती बांधल्या. १९३८ मध्ये इस्तंबूललाच ते वारले. एदिर्नेकापीच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले आहे.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात अशी वार्षिके फाडून एकेक पान चौकटीत घालून विकतात. अख्ख्या पुस्तकापेक्षा सुट्या पानांचे पैसे जास्त येतात. धाकटा मुलगाही एकदा म्हणाला, "अब्बा, काही पानं विकली तर बाकीच्यांचा खर्च निघेल." पण पान सुटले की तारीख, लेख, शेजारचे चित्र सगळे तुटते. मागे उरते ती भिंतीवरची शोभा.

घर-जमिनीची वाटणी शरीयतप्रमाणे होईलच. पुस्तकांची मात्र वाटणी नको, म्हणून माझ्या हयातीतच ती एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देण्याचे ठरवले आहे. धाकट्यालाही ते पटले.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी जुनी वार्षिके असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी एकदा चाळा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. मागची जाहिरातींची पानेही काढू नका. त्या काळच्या फरशा, नळ, दिवे कसे होते ते तिथेच सापडते.