चार हजार पंच्याण्णव

लासलगावात कांद्याचा भाव लिलावात ठरतो, पण हिशेबाच्या पट्टीवरचा आकडा ठरतो भुईकाट्यावर. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करून तोच ट्रॅक्टर रिकामा परत येतो. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा कांदा. काट्याच्या खोलीत आकडा दाखवणारा जो डबा असतो, त्याच्या आतला प्रोग्राम लिहिणं हे माझं काम.

काट्याखालचे लोडसेल, म्हणजे भाराचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारे भाग, पूर्ण भाराला, दहा व्होल्टच्या पुरवठ्यावर, साधारण वीस मिलीव्होल्ट देतात. 60 टनी काट्यावर 10 किलो म्हणजे त्याचाही सहा हजारावा भाग, जेमतेम तीन मायक्रोव्होल्ट. त्यात चालू इंजिनाची थरथर आणि वारा. म्हणून आम्ही एकाच वाचनावर कधी विसंबत नाही. अनेक वाचनं घेतो, टोकाची टाकून देतो, उरलेल्यांची सरासरी काढतो आणि ती ठरावीक वेळ जागची हलली नाही तरच 'स्थिर' दिवा लावतो. गाळणीचं हे काम मी वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केलं होतं. चूक झाली ती गाळणीच्या पुढे.

एका हंगामात काट्यावरून फोन आला. एक वयस्क शेतकरी पावती घेऊन हटून बसले होते. "माझा रिकामा ट्रॅक्टर कायम 4100 भरतो. आज 4350 कसा?" रिकामं वजन वाढलं की कांदा तेवढाच घटतो; अडीच क्विंटल कांदा कागदावरून नाहीसा झाला होता. पुन्हा वजन केलं, 4100 आलं. पावती दुरुस्त झाली. काटेवाले म्हणाले, लाइटीचा झटका असेल. मला ते पटलं नाही, कारण झटक्याने आकडा कुठेही उडाला असता, नेमका अडीचशेने नाही.

आमचा मायक्रोकंट्रोलर आठ बिटांचा, म्हणजे एका वेळी एकच बाइट उचलणारा. किलोतलं वजन दोन बाइटांत राहतं. 4095 म्हणजे 15 वेळा 256 अधिक 255. 4096 म्हणजे 16 वेळा 256 अधिक शून्य. छपाईच्या कोडने खालचा बाइट उचलला, 255. तेवढ्यात इंटरप्ट आला, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून नवं वजन भरणारा कोड चालला, आणि वजन 4096 झालं. परतल्यावर कोडने वरचा बाइट उचलला, 16. जोडून झाले 4351, दहाला जुळवून छापले 4350. पडद्यावर असा आकडा निमिषभर चमकून जातो, कागदावर मात्र तो कायमचा बसतो. चलाला 'व्होलाटाइल' लावलं की भागतं, असं मी तोवर समजत होतो. तो शब्द कंपायलरला जुनी प्रत वापरू देत नाही. दोन बाइटांच्या मध्ये कुणी शिरणार नाही, याची हमी देत नाही.

टेबलावर लोडसेल काढून इंटरप्टमधून 4095 आणि 4096 आलटून पालटून भरले आणि रात्रभर वाचत ठेवलं. सकाळी नोंदींत 4351 होते, उलट्या दिशेचे 3840 सुद्धा होते. दुरुस्ती तीन ओळींची: इंटरप्ट थांबवा, दोन्ही बाइटांची प्रत घ्या, इंटरप्ट चालू करा.

प्रोग्रामातल्या अशा बारीक चुका जीवावरही बेतल्या आहेत. थेरॅक-25 या कॅन्सरवरच्या किरणोपचार यंत्रात 1985 ते 1987 दरम्यान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा बसली, काही दगावले. तिथल्या एका चुकीत एक बाइटाचा चल दर 256व्या फेरीला शून्य होई आणि त्या फेरीत सुरक्षेची तपासणीच वगळली जाई. आधीच्या यंत्रांत असलेले स्वतंत्र यांत्रिक अडसर या यंत्रात काढून टाकले होते. आमच्या काट्यावर तसा अडसर होता: स्वतःच्या ट्रॅक्टरचं वजन पाठ असलेला शेतकरी.

आता डब्याच्या स्मृतीत प्रत्येक ट्रॅक्टरच्या नंबरासमोर मागची रिकामी वजनं राहतात. नवं वजन त्यांच्यापासून फार दूर गेलं तर पावती छापली जात नाही, काटा पुन्हा करायला लावतो. नवा प्रोग्राम काट्यावर जाण्याआधी टेबलावर एक रात्र काढतो, 4095 आणि 4096 मोजत.