दोन छोट्या दांड्या

जुन्या विलीज धर्तीच्या महिंद्रा जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढचा ॲक्सल जोडते, दुसरी हाय-लो करते. गिऱ्हाईक पहिलीचीच चौकशी करतं. मला विचाराल तर कामाची दुसरी.

दोन्ही दांड्या उतरतात गिअरबॉक्सच्या पाठीला बसवलेल्या ट्रान्सफर केसमध्ये. आत चेन नाही, सगळे गिअरच. म्हणून गाडी पळताना ती गुणगुणते. सूर बदलला की बेअरिंगकडे बघायचं.

पहिली दांडी ओढली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. मधे डिफरन्शियल नाही. लोक म्हणतात, ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. छे! सारखे होतात ते फेरे. ताकद जिकडे पकड तिकडे जाते. आणि ‘चारही चाकं ओढतात’ हेही अर्धंच खरं. ॲक्सलमधले डिफरन्शियल साधे असल्याने पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरू लागलं की गाडी जागच्या जागी.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, शाफ्टना मात्र सारखंच फिरायचं असतं. चिखलात टायर थोडे घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, दांडी निघता निघत नाही, आणि मालक तिला लाथा घालतो. लाथ कशाला? गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो, दांडी हलक्या हाताने येते. पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत असतील तर सरळ रस्त्यावरही हाच ताप.

आता दुसरी. लोमध्ये चाकांचे फेरे जवळपास अडीच पटींनी कमी होतात, ओढ तेवढीच वाढते. दगडधोंड्यांवरून चढताना क्लच जाळावा लागत नाही. कच्च्या घाटात ओझ्यासकट उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पहिली दांडी लावल्याशिवाय मात्र लो पडत नाही, आतली अडसराची गोळी आडवी येते. एवढा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये, म्हणून ही सोय. काही हौशी मंडळी ती गोळी काढून टाकायला सांगतात. मी काढत नाही.

शहरातल्या जीपांच्या या दांड्या वर्षानुवर्षं हलत नाहीत आणि जाम होतात. पाऊस पडला की ओल्या मैदानात न्या, लावा, काढा, असं मी सांगतो. गिऱ्हाईक ‘हो हो’ म्हणतं आणि सीट कव्हरचे रंग विचारतं.