पाण्याच्या माहेरी

आमच्या घरी भंडारदऱ्याचे नाव एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताच्या नावासारखे घेतले जाई. "भंडारदऱ्याचं पाणी सुटलं," अशी वार्ता आली, की वडील फावडे आणि कंदील काढून ठेवीत. श्रीरामपूर तालुक्यातील आमची जमीन प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. आपली पाळी केव्हा, हे विचारण्यास आम्हां तिघा भावांपैकी कोणीतरी पाटकऱ्याकडे धावे. भाड्याची सायकल, उंची पुरत नाही म्हणून नळीखालून घातलेला पाय आणि पाटाच्या भरावावरील अरुंद वाट! सायकल चालवायला आम्ही शिकलो, ते असे पाण्याच्या मागे हिंडताना. रात्री दारे धरताना वडील म्हणत, "हे येतं कुठून, ते एकदा पाहून यायला हवं." ते पाहण्याचे त्यांचे राहूनच गेले.

पुढे वाटण्या झाल्या आणि तासाभराच्या पाळीवरून आम्हां भावांत अबोला शिरला. दोन दिवाळ्या आम्ही एका ताटाशी बसलो नाही. अखेर गेल्या भाद्रपदात धाकट्यानेच निरोप धाडला : "भंडारदऱ्याहून रंध्यापर्यंत सायकलींची सफर असते. सोबत वाटाड्या असतो. दादांच्या नावाने जाऊन येऊ." वडिलांचे नाव आल्यावर नाही म्हणणे कोणालाच जमेना.

शेंडी गावी सकाळी पावसाची बारीक झिमझिम होती. कळसूबाईचे शिखर ढगात बुडालेले. आमचा वाटाड्या विशीतला, महादेव कोळी समाजातला तरुण. त्याने प्रत्येक सायकलीची हवा आणि साखळी तपासली. "काका, उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही. आणि एकमेकांना सोडून पुढं जायचं नाही," असे त्याने बजावले. दुसरी सूचना ऐकताना आम्ही तिघांनीही नजर चुकवली.

प्रथम त्याने धरण दाखवले. १९१० साली आरंभलेले हे दगडी काम १९२६ साली पुरे झाले आणि मुंबई इलाख्याच्या तत्कालीन गव्हर्नरांवरून त्यास विल्सन धरण हे नाव पडले. सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मागे थोपवून ती भिंत स्तब्ध उभी होती. येथून सुटलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. आता वाटेत निळवंडे धरणही झाले असून त्याच्या डाव्या कालव्यात २०२३ साली प्रथम पाणी सोडण्यात आले. हरेगावच्या बेलापूर कंपनीचा ऊस, लोणीच्या सहकारी कारखान्याचा ऊस आणि आमची चार एकरांची गरिबी, सारी या एकाच पाण्यावर पोसली गेली.

रंधा तेथून सुमारे दहा किलोमीटर. रस्ता प्रवरेची सोबत फारशी सोडत नाही. दोन्ही अंगांना भाताची खाचरे, उतारांवर सोनकीची पिवळी फुले, मध्येच हिरड्याचे झाड. एका चढावर थोरल्याची साखळी उतरली. धाकटा मुकाट्याने खाली बसला आणि काळ्या हातांनी ती चढवू लागला. लहानपणी हे काम थोरला करीत असे, हे आम्हां तिघांनाही आठवले. बोलले मात्र कोणी नाही.

रंध्याचा आवाज आधी आला, दर्शन नंतर घडले. दीडशे फुटांहून अधिक उंचीवरून प्रवरा खोल घळईत झेपावते आणि तिचे तुषार कठड्यापर्यंत येतात. पावसाळा सरला, पाणी वीजनिर्मितीकडे वळले, की हाच प्रपात रोडावतो, असे वाटाड्याने सांगितले. आम्ही मोठ्या अभिमानाने त्याला म्हणालो, "अरे, हे आमच्या शेतावर येणारं पाणी!"

तो हसला. "होय ना काका. आमच्या पणजोबांची भातखाचरं त्या धरणाच्या तळाला आहेत. चैत्र-वैशाखात आई डोंगराच्या झऱ्यावरनं हंडा आणते. पाणी सगळं खाली तुमच्याकडं जातं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. ज्या पाण्याच्या एका तासासाठी आम्ही सख्खे भाऊ परके झालो, त्याची किंमत तीन पिढ्यांपूर्वी कोणीतरी आपली खाचरे देऊन चुकवली होती. आणि त्याच्या घरातील हंडा अजून डोंगर चढत होता. वडिलांना पाहायचे होते ते पाण्याचे माहेर हे. माहेरच तहानलेले असेल, अशी शंकाही आम्हांस कधी शिवली नव्हती.

परतीच्या चढाला आम्ही सायकली हाती धरून चाललो. बऱ्याच वेळाने थोरला म्हणाला, "पुढच्या आवर्तनाला पहिली पाळी धाकट्याची." धाकटा म्हणाला, "तिघांनी मिळून दारे धरू." आमचे भांडण असे थोडक्यात मिटले. मात्र त्या तरुणाच्या आईच्या हंड्याचे देणे कसे फिटावे, याचे उत्तर आम्हांस शेंडीपर्यंत सुचले नाही. निरोप घेताना त्याने आमच्या सायकली पुसून ओळीने लावल्या आणि म्हणाला, "उन्हाळ्यात पण या, काका. तेव्हाचा रंधा पण बघा."

आम्ही जाणार आहोत.