मधले चार इंच

मागच्या वर्षी प्रोजेक्टसाठी तीन महिने कॉव्हेंट्रीला होतो. एका रविवारी ऑक्सफर्डजवळच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळा होता, तिथे गेलो. जॅग्वार-बिग्वार बघून झाल्यावर कोपऱ्यात एक काळी, गोलमटोल मॉरिस मायनर दिसली. आपली ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, म्हणजे नात्याने ही तिची धाकटी मावशी. मालक आजोबांनी मला वाकायला सांगितलं आणि बंपरच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे ठिगळ होतं. दोन तुकड्यांमध्ये बसवलेली एक पट्टी.

गाडी ॲलेक इसिगोनिसची. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मीरहून इंग्लंडला आलेला, गणितात तीनदा नापास झालेला इंजिनिअर. पण गाडी रस्ता कशी धरते हे त्याला कळायचं. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पीळ घेणारे पोलादी दांडे, 14 इंची छोटी चाकं, आणि इंजिन जितकं पुढे सरकवता येईल तितकं पुढे, म्हणजे माणसांना जागा. त्याच्या मनातलं नवं इंजिन मात्र मिळालं नाही; जुनं 918 सीसीचं गळ्यात पडलं. मालक लॉर्ड नफिल्ड यांना तर ती गाडी बघून पोच्ड एग आठवलं!

तरीही सगळं ठरलं. बंपर बनूनसुद्धा आले. आणि उत्पादन तोंडावर असताना इसिगोनिसला वाटलं, गाडी अरुंद दिसतेय. त्याने नमुन्याची गाडी लांबीत उभी कापायला लावली. मेकॅनिकांनी दोन्ही अर्धे हळूहळू लांब सरकवले, डोळ्याला पटलं तिथे त्याने थांबवलं. मोजलं तर चार इंच. 57 इंचांची गाडी 61 ची झाली. बॉनेटवर मधोमध सपाट पट्टा आला, आणि तयार बंपर कापून त्यांना जोड द्यावा लागला. 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला गाडी लोकांसमोर आली. 1960 च्या डिसेंबरात दहा लाखावी बनली. तोवर कुठल्याच ब्रिटिश गाडीने हा आकडा गाठला नव्हता.

आजोबा हसत होते. मला चाकण आठवलं.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका वेल्डिंग फिक्श्चरचं ड्रॉइंग माझं होतं. सह्या झाल्या, प्लेटा कापायला गेल्या, आणि रात्री जेवताना लक्षात आलं: क्लॅम्प उघडल्यावर पार्ट बाहेर काढायला 4 मिलीमीटर कमी पडणार. सकाळी सांगायचं ठरवलं. सकाळी साहेब खुशीत होते, कस्टमर आलेला होता. नाही सांगितलं. दुपारीही नाही.

तीन आठवड्यांनी पार्ट अडकला. साहेब म्हणाले, फिटरने गडबड केलेली दिसतेय. मी गप्प. फिटर मामा दोन रात्री ग्राइंडर घेऊन जागा करत बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. एवढंच केलं.

मेळ्यातून परतताना बसमध्ये मामांना त्या बंपरचा फोटो पाठवला. खाली गाडीची गोष्ट लिहिली, मग फिक्श्चरची. सात वर्षं उशिरा. तिकडे रात्र झालेली, तरी लगेच उत्तर आलं.

‘ड्रॉइंग मला वाचता येतं की. गाडी कुठली म्हणालास?’